लाल रेघ

गल्लीत त्याला सगळे ‘बेतानं’ म्हणायचे. आईबापांनी नाव बरं ठेवलं होतं, पण माणूस जो शब्द उठताबसता झिजवतो, तोच शेवटी त्याच्या गळ्यात पडतो. कुणी शिडीवर चढलं की हा खालून म्हणणार, “बेतानं.” कुणी वाफाळता चहा तोंडाला लावला, “बेतानं.” दुचाक्या दुरुस्त करण्यात हयात गेली, पण स्वतः गाडीवर बसला की काटा चाळिसाला शिवायचा नाही. शेजारी पाण्याचे पंप दुरुस्त करणारा एक होता, त्याच्या जिभेला हाड नव्हतं. तो म्हणायचा, “याला ओव्हरटेक करताना गोगलगायसुद्धा हॉर्न देते.”

गॅरेजच्या वरच्या खोल्यांत त्याची थोरली बहीण राहायची. कपडे शिवायची. खाली पाने वाजायचे, वर शिलाईचं मशीन वाजायचं, आणि एकाचं थांबलं की दुसऱ्याला लगेच कळायचं. ताईचा नवरा जहाजावर, म्हणजे असून नसल्यासारखा. मुलगी एकच. ती एकदा बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून मामानंच तिचं नाव टिटवी ठेवलं होतं.

टिटवीला नोकरी लागली ती डोंगरावरच्या फोनच्या टॉवरांची देखभाल करायची. टॉवरपर्यंत डांबर कुठलं असायला? खडी, माती आणि घसरणीची वाट. पायी गेलं तर एक टॉवर अख्खा दिवस खातो. साहेबानं सांगितलं, स्वतःची गाडी असेल तर नोकरी पक्की. झालं. मातीत चालणारी गाडी घ्यायची ठरली.

टिटवीला घेऊन गाडी बघायला मामा स्वतः गेला. जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात दोन उभ्या होत्या. एक उंच, सडपातळ, अंगावर ना दिवा ना आरसा. टिटवीची नजर तिच्यावरून हलेना.

“पाखरू आहे पाखरू,” विकणारा म्हणाला. “उचलून बघा, ताई. पिसासारखी.”

“नंबराची पाटी?” मामानं विचारलं.

“अहो, ही शर्यतीची गाडी. हिला पाटी कशाला?”

“मग रस्त्यावर चाक टेकवलं की गुन्हा. विमा मिळणार नाही, आणि कुणाला धक्का लागला तर जन्मभर निस्तरत बसायचं.”

“मामा, पिकअपमध्ये टाकून नेऊ ना डोंगरापर्यंत,” टिटवी म्हणाली.

“रोज? पिकअपवाला तुझा मावसभाऊ लागून गेला का? बस आधी हिच्यावर. पाय टेकतात का बघू.”

टिटवी बसली. एका पायाचा अंगठा कसाबसा टेकला, दुसरा हवेत. मामानं नुसती मान हलवली. दुसरी गाडी बुटकी होती, अंगानं थोडी भरलेली, इंजिन लहान. पण तिला पाटी होती, दिवा होता, दोन्ही आरसे होते, आणि टिटवीचे दोन्ही चवडे जमिनीला लागत होते.

“घोडा बघायला आले आणि खेचर घेऊन चालले,” टिटवी म्हणाली.

“डोंगरात खेचरच पोचतं, बाळा.”

त्यानंतर त्यानं तिला गाडी राखायला शिकवलं, आणि त्यात मात्र पोरगी तयार निघाली. एअर फिल्टर धुवायचा, वाळवायचा, तेलात भिजवून पिळायचा. चेन खालून उचलून बघायची, तीन बोटं मावली पाहिजेत. चाकाच्या तारांवर पेचकस वाजवायचा. जी बद्द बोलेल ती ढिली. आणि सगळ्यात शेवटी लाल रेघ.

ही रेघ म्हणजे मामाच्या गॅरेजची रीतच होती. नट मापात आवळून झाला की त्याच्यावरून पलीकडच्या लोखंडापर्यंत लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढायची. रेघ सलग दिसते तोवर नट जागेवर आहे. नट जरा जरी फिरला तर रेघ मधेच तुटलेली दिसणार. बाटली ताईची असायची, आणि ताई म्हणायची, “माझ्या बोटांपेक्षा याच्या नटांनाच जास्त शोभा.”

“रेघ सलग असली की त्या नटाला हात लावायचा नाही,” मामानं टिटवीला बजावलं होतं. “हौसेहौसेनं आवळत बसलं की आटे मरतात. माझी रेघ दिसली की समज, मी बघितलंय.”

दुसरा नियम असा, की गाडीवर असताना फोनला शिवायचं नाही. जग बुडालं तरी.

टिटवी दोन्ही नियम पाळायची. पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

वरच्या टॉवरवर ती पहिल्यांदा एकटी जायची होती, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मामानं मागचं चाक काढून त्यावर मातीत चालणारा दातेरी टायर चढवला. चाक परत बसवलं, चाकामधून दांडा सारला, त्याचा मोठा नट बोटांनी फिरवून टेकवला. या नटाला पिन घालायची सोय नव्हती. तो नुसत्या आवळण्यावर टिकायचा. मामानं भिंतीवरच्या खिळ्याकडे हात नेला, तर तिथे मोठी गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखी बसवून आवळायचं पान्याचं टोक, नव्हती. ती पंपवाल्यानं नेलेली. आणतो म्हणून त्यानं मनात नोंद केली, आणि तोवर बाकीचे नट आवळायला घेतले.

तेवढ्यात जिन्यावरून ताई उतरली. हातात टिटवीसाठी शिवलेलं जाकीट, कोपरांना जाड गादी लावलेलं.

“तिला नको जाऊ देऊस,” ती म्हणाली.

“ताई, आता हे काय नवीन?”

“नवीन नाही. गाडी घरात आली त्या दिवसापासून तेच म्हणतेय. कोपराला गादी लावली मी. मानेला कुठून लावू?”

“अगं, नीट चालवते ती.”

“चालवेल. पण गाडीनंच दगा दिला तर?”

हे मामाला लागलं. तो बाटली उघडून गाडीजवळ उकिडवा बसला. “ये, अशी इकडे ये. हा बघ. आवळलेला. ही रेघ. हा बघ, ही रेघ. पुढचं चाक, हे. ब्रेक, हा. मागचं चाक, हे. आता सांग, कुठून देईल दगा?”

ताई वाकून एकेक रेघ बघत गेली. मग जाकीट सीटवर ठेवून म्हणाली, “तुझ्या भरवशावर सोडतेय हं.” आणि डोळे पुसत वर गेली. बहिणीच्या डोळ्यांत पाणी बघितलेला माणूस दुसरं काही आठवण्याच्या अवस्थेत नसतो. मामानं बाटलीचं झाकण लावलं आणि दिवा मालवला.

सकाळी टिटवी निघाली. कोपऱ्यावर वळताना तिनं दोनदा हॉर्न दिला, म्हणजे घरच्यांनी समजायचं की आता फाटा लागला. वर मशीन चालू झालं. खाली मामा एका स्कूटरचा कार्बोरेटर उघडून बसला.

पंपवाला दारात आला आणि त्यानं काहीतरी जड बाकावर आदळलं.

“घे रे बेतानं, तुझी गोटी. परवा नेली ती एका पंपाच्या मोटारीच्या पोटातच अडकून बसली होती. सकाळी सोडवली. अख्ख्या गल्लीत या मापाची एकच, म्हणून आणून दिली हो, नाहीतर ठेवूनच घेणार होतो.”

मामानं गोटी उचलली.

“परवा नेलेली,” तो म्हणाला.

“हो.”

“काल मधे दिली होतीस ना? संध्याकाळी? मी नट आवळल्यावर परत नेली असशील.”

“छे! अरे, अडकली होती म्हणतोय ना. असं काय बघतोस? पैसे मागितले का मी?”

मामानं कार्बोरेटर बाजूला सारला. त्यानं आठवून बघितलं. दुसऱ्या कुठल्या पान्यानं आवळला असेल का? या मापाचा दुसरा पाना गॅरेजात नव्हताच. बोटांनी टेकवलेला नट. त्याच्यावर ठसठशीत लाल रेघ. आणि ती रेघ बघून हात न लावणारी, शिकवलं तेवढंच ऐकणारी पोरगी.

त्यानं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. हेल्मेटमध्ये तिला काय ऐकू येणार, आणि ऐकू आलं तरी ती उचलायची नाही. जग बुडालं तरी.

“टेम्पो काढ,” मामा म्हणाला.

“कुठे जायचंय?”

“काढ म्हणतो ना!”

पंपवाल्यानं या माणसाला वीस-पंचवीस वर्षांत कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. तो गुपचूप किल्ली घेऊन आला. मामानं गोटी, तिचा दांडा आणि एक जाड चिंधी उचलली. वर मशीन थांबलं.

“काय रे झालं?” ताईनं खिडकीतून विचारलं.

“काही नाही. जरा जाऊन येतो.”

हेही खोटंच, आणि ते म्हणताना त्याला कळत होतं.

टेम्पोत दोन पंप होते, ते प्रत्येक खड्ड्यात एकमेकांवर आपटत. मामानं घडलं ते सांगितलं. पंपवाला आधी म्हणाला, “अरे, गंजला असेल नट, तसाच धरून राहील.” मग म्हणाला, “ती हळू चालवते, तुझीच भाची.” मग त्यानं टेम्पोचा वेग वाढवला.

रस्त्यावर ट्रक होते. मामाच्या डोक्यात एकच चाललं होतं. पाटीवाली गाडी मी घ्यायला लावली. ती शर्यतीची घेतली असती तर पिकअपमध्ये बांधून गेली असती. ट्रकांच्या मधून पोरीला मी पाठवलं, कायद्यानं, विमा काढून. डाव्या कडेचा एकेक दगड, एकेक झुडूप तो डोळ्यांनी उलटून बघत होता. लांब काळं काही दिसलं की तो काचेपर्यंत पुढे वाकायचा. जवळ गेलं की फाटका टायर निघायचा किंवा डांबराचा ढीग.

पुलाजवळ माणसं गोळा झाली होती. गर्दीची एक ठेवण असते. मधे काही पडलं असलं की माणसं गोल उभी राहतात आणि माना खाली घालतात. ही तशीच होती.

“थांबव,” मामा म्हणाला. पण टेम्पो थांबल्यावर त्याला उतरता येईना. पंपवाला उतरून गर्दीत शिरला, आणि तेवढ्या वेळात मामानं ताईला काय सांगायचं याची तीन वाक्यं जुळवली आणि तिन्ही मोडली.

पंपवाला परतला. “बटाट्याची पोती. गाडीतून पडली. लोक वेचतायत.” मग उगाच म्हणाला, “चांगले आहेत बटाटे.”

डोंगराच्या पायथ्याला फाटक होतं आणि फाटकावर रखवालदार.

“मुलगी? हो, आली की. पाटी बघितली, विम्याचा कागद बघितला, टॉवरची परवानगी बघितली, सोडलं. बरीच वर गेली असेल आता.”

“गाडी कशी चालत होती?”

“चाकांवर,” रखवालदार म्हणाला. “तुमचा टेम्पो नाही हं सोडणार.”

पंपवाला त्याच्याशी हुज्जत घालायला लागला. मामा फाटकाच्या बाजूनं वाकून आत शिरला आणि चालायला लागला.

वाटेवर पिठासारखी धूळ होती आणि तिच्यात टायरची नक्षी उमटली होती. दातेरी ठसा मागच्या चाकाचा. आदल्या दिवशी त्यानंच चढवलेला. सरळ वाटेवर मागचा ठसा पुढच्याच्या डोक्यावर पडतो, पुढचा दिसतही नाही. सुरुवातीला तसंच होतं. मामाला जरा धीर आला. पहिली चढण संपली तेव्हा मागच्या ठशाच्या कडेनं पुढच्याची एक बारीक किनार दिसायला लागली.

तो वाकला. बोट लावून बघितलं. उठून भरभर चालायला लागला. पुढच्या वळणावर किनार बोटभर झाली. म्हणजे चाकाचा दांडा एका बाजूनं सरकला होता. चाक तिरकं झालं होतं, आणि गाडी तशीच वर चढत होती. डाव्या हाताला कडा सुरू झाला. खाली झाडांचे शेंडे दिसत होते.

“टिटवे!” त्यानं हाक मारली.

हाक समोरच्या डोंगरावर जाऊन परत आली. बाकी काही नाही. इंजिनाचा आवाज नाही. त्या पोरीच्या नावावर आजवर कधी शांतता जमा झाली नव्हती. झोपेतसुद्धा ती बडबडायची.

तो पळायला लागला. गोटी खिशात मांडीवर आपटत होती. आता धुळीत दोन वेगळे ठसे पडले होते, शेजारी शेजारी, दोन वेगळ्या गाड्यांचे असावेत तसे. मग एका ठिकाणी दातेरी ठसा आडवा फासला गेला होता. धूळ खरवडून खालचा दगड दिसत होता, आणि तो फराटा कड्याकडे वळला होता.

वळणापलीकडे गाडी आडवी पडलेली. मागचं चाक कड्याबाहेर, पुढचं वाटेवर. एक आरसा फुटलेला. हेल्मेट कडेला, तोंड वर करून.

माणूस नाही.

मामा कड्यापर्यंत जाऊ शकला नाही. चार पावलं आधीच तो खाली बसला. मग ओणवा झाला आणि हातांवर पुढे सरकला, कारण बघायचं तर होतंच. खाली खडक, झुडपं, एक पांढरं काहीतरी. दगड की कपडा, ते त्याच्या नजरेला धड दिसेना.

“मामा?”

आवाज मागून आला. वाटेच्या वरच्या अंगाला, खडीच्या ढिगामागून, टिटवी गुडघ्यांवर रांगत बाहेर आली. जाकिटाचं एक कोपर फाटून गादीचा कापूस बाहेर आला होता. हनुवटीला खरचटलेलं.

“तू इथे कसा? आणि असा का बसलायस? अरे, चक्कर आली का? पाणी देऊ? मी हाक ऐकली, पण म्हटलं भास झाला, कारण तू इथे कसा येणार, आणि मी त्या दगडाच्या फटीत हात घातला होता आणि—”

मामानं तिचा हात धरला. मग दुसरा धरला. मग तो रडायला लागला, आणि टिटवी जन्मात पहिल्यांदा अर्ध्या वाक्यावर थांबली.

थोड्या वेळानं तिनंच सांगितलं. मागून गाडी डुलायला लागली, तिला वाटलं टायर नवा आहे म्हणून. मग ब्रेक लावताना खाली बघितलं तर रेघ तुटलेली. ती गाडी थांबवतच होती, तेवढ्यात चाकच आडवं झालं. तिनं उजवीकडे उडी टाकली. नट उडाला, तो ती शोधत होती.

“तुझ्या रेघेनं वाचवलं मला,” ती म्हणाली. “नाहीतर पुढच्या वळणावर जोरात असते मी. पण मामा, तू आवळलेला नट सुटला कसा?”

इथे गप्प बसता आलं असतं. पोरीनं स्वतःच त्याला देव करून ठेवलं होतं.

मामानं खिशातून गोटी काढून तिच्या हातात दिली.

“ही पंपवाल्याकडे होती,” तो म्हणाला. “परवापासून. नट आवळलाच नव्हता मी. तुझ्या आईला दाखवायला नुसती रेघ ओढली.”

टिटवीनं गोटीकडे बघितलं. मग कड्याकडे बघितलं.

“आणि मी म्हणे हात लावायचा नाही,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

ती उठली आणि तिनं पाठ फिरवली. मग पुन्हा खडीत शोधायला लागली. मामाही रांगत शोधायला लागला. लाल ठिपका आधी मामालाच दिसला, गवताच्या बुंध्याशी. त्यानं तो उचलून तिच्या तळहातावर ठेवला.

दोघांनी मिळून गाडी कड्यावरून ओढून घेतली. आटे शाबूत होते. चाक सरळ केलं, चेन तीन बोटांवर आणली. मामानं गोटीच्या दांड्याला हात घातला, तर टिटवीनं तो बाजूला केला.

“मी आवळते.”

तिनं सगळं वजन टाकून आवळला. मामा सांगत होता, बस, आता बस. मग तिनं गाडीभर फिरून एकेका नटावर गोटी नाहीतर गाडीच्या हत्यारांच्या पिशवीतला पाना लावून बघितला, रेघ असलेल्या प्रत्येकावर. मामा ते बघत होता. एकही दुसरा ढिला निघाला नाही, पण त्याला त्याचं बरं वाटलं नाही.

“चल खाली,” तो म्हणाला.

“टॉवर वर आहे, मामा.”

“आज नको. माझ्या पायात जीव नाही राहिला.”

“माझ्यापण नाहीये,” टिटवी म्हणाली. “म्हणूनच जायचंय. आज खाली आले तर उद्या आई दाराला कुलूप लावेल, आणि मीच तिला किल्ली देईन.” तिनं हेल्मेट घातलं. “पोचले की दोनदा हॉर्न देते.”

ती बसली. दोन्ही चवडे जमिनीला टेकले. शिल्लक राहिलेल्या आरशातून ती त्याच्याकडे बघत थांबली. नेहमीच्या शब्दाची वाट बघत असावी. मामाला तो उच्चारता आला नाही. तो शब्द म्हणायचा आपल्याला काय अधिकार, असं त्याला वाटलं.

ती गेली. मामा कड्याच्या काठावर गोटी मुठीत धरून उभा राहिला. आवाज वळणामागे जाऊन बारीक व्हायचा, पुन्हा वर कुठेतरी उगवायचा. प्रत्येक वेळी तो बुडाला की मामाचा श्वास बुडायचा. मग आवाज एकदम तुटला. वारा होता, आणि खाली कुठेतरी पंपवाल्याचं भांडण होतं. मामा मोजत नव्हता, पण फार वेळ गेला.

वरून हॉर्न वाजला. एकदा. मग पुन्हा एकदा.

तो दगडावर बसला, आणि त्याच वेळी खिशातला फोन वाजला. ताई.

“अरे, आहेस कुठे? गॅरेज सताड उघडं टाकून गेलास. पोरगी पोचली का?” मागे मशीन चालू होतं. ती कुणाचंतरी शिवता शिवता बोलत होती.

“पोचली,” मामा म्हणाला. “ताई, ऐक. काल तुला रेघा दाखवल्या ना, त्यातली एक खोटी होती.”

पलीकडे मशीन थांबलं.